फादर थॉमस स्टीफन्स : विंचेस्टर ते साष्टी

ठाणे ज्या साष्टी बेटावर वसले आहे, त्याच नावाचा प्रांत गोव्यातही आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या धर्मसेवेची बहुतेक वर्षे तेथेच गेली.

सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात जन्मलेले थॉमस विंचेस्टरच्या निवासी विद्यालयात शिकले. बिशप विल्यम ऑफ विकम ह्यांनी १३८२ साली सत्तर गरीब विद्यार्थ्यांसाठी स्थापिलेले हे विद्यालय. थॉमस तेथे गेले तोवर राणी एलिझाबेथच्या कायद्याने मिस्साबलिदानास बंदी घातली होती. मित्र थॉमस पाउंड ह्यांच्यासह रोम गाठण्याचा त्यांचा बेत होता. पण पाउंड पकडले गेले व त्यांना प्रदीर्घ कारावास भोगावा लागला. स्टीफन्स एकटेच निघाले. १५७५ साली ते येशूसंघात दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले.

१५८३ साली कुंकळ्ळीत फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे सोबती रक्तसाक्षी झाले. त्यांचे देह मिळवण्याचे कठीण काम स्टीफन्स ह्यांनी केले.

लॅटिनच्या संस्कारात वाढलेल्या ह्या धर्मगुरूंनी मराठी आणि कोकणी आत्मसात केली. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना गाण्यावाचण्यास आपले असे काही हवे होते. त्यासाठी त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. इंग्रजी शाळेचे कौतुक करणाऱ्या आमच्या धर्मग्रामांना हे सांगण्याजोगे वाटते. देवनागरी खिळ्यांअभावी १६१६ साली ते रोमन लिपीत छापले गेले.

१६१९ साली त्यांचे निधन झाले. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही; हस्तलिखितांनीच ते राखले. १९५६ साली शांताराम बंडेलू ह्यांनी देवनागरी आवृत्ती काढली, तर २००९ साली फादर नेल्सन फलकाव ह्यांनी ते आजच्या मराठीत आणले.