नव्या फुप्फुसाचा हिशेब ठेवणारा माणूस : जॉर्ज द हेवेशी

समजा, एखाद्या पेशंटला एक फुप्फुस नवीन बसवलंय. साध्या एक्स-रेमध्ये ते दिसतं. पण शरीरातलं किती रक्त त्यातून जातंय आणि किती जुन्या फुप्फुसातून, हे एक्स-रे सांगू शकत नाही. ते मोजायची युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली, तो माणूस डॉक्टर नव्हता. रसायनशास्त्रज्ञ होता, आणि त्याची सुरुवात एका फसलेल्या असाइनमेंटपासून झाली.

जॉर्ज द हेवेशी यांचा जन्म १८८५ चा, बुडापेस्टमधला. १९११ मध्ये ते मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत आले. तिथे भरपूर शिसं पडून होतं आणि त्यात 'रेडियम-डी' नावाचा किरणोत्सारी पदार्थ मिसळलेला होता. तो वेगळा काढून दे, असं रदरफर्डनी सांगितलं. हेवेशींनी सगळे उपाय करून पाहिले. काही उपयोग झाला नाही. होणारच नव्हता, कारण रेडियम-डी हे शिशाचंच एक रूप होतं. आज आपण त्याला समस्थानिक म्हणतो, तेव्हा ही कल्पनाच नीट तयार झाली नव्हती.

इथे दुसरा कोणी असता तर विषय बदलून मोकळा झाला असता. हेवेशींनी प्रश्नच उलटा केला. दोन्ही वेगळे होतच नाहीत ना? मग साध्या शिशात चिमूटभर रेडियम-डी टाकू. शिसं जिथे जाईल तिथे तेही जाईल आणि किरणांमुळे आपल्याला त्याचा पत्ता लागेल. १९१३ मध्ये व्हिएन्नात पॅनेथ यांच्यासोबत त्यांनी हे करून दाखवलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रत्येक रिक्वेस्टला एक आयडी चिकटवतो आणि ती कुठे अडकली ते लॉगमध्ये शोधतो, तसंच हे.

मँचेस्टरचा एक किस्सा ते स्वतः सांगायचे. खानावळीची मालकीण उरलेलं मांस पुन्हा वाढते असा त्यांना संशय होता. त्यांनी ताटात उरलेल्या अन्नात किरणोत्सारी पदार्थ घातला आणि काही दिवसांनी यंत्र घेऊन जेवायला बसले. संशय खरा निघाला! (हा प्रयोग घरी किंवा मेसमध्ये करू नका.)

१९२३ मध्ये त्यांनी याच पद्धतीने घेवड्यासारख्या रोपात शिसं कसं चढतं ते पाहिलं. १९३५ मध्ये कोपनहेगनला उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला, तेव्हा कळलं की हाडंसुद्धा सतत बदलत असतात. १९४० मध्ये नाझी फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या. प्रयोगशाळेत लाउए आणि फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदकं ठेवलेली होती. हेवेशींनी ती अम्लराजात विरघळवून बाटली फळीवर ठेवून दिली. युद्धानंतर त्यातलं सोनं परत मिळालं आणि पदकं पुन्हा घडवली गेली. ते स्वतः ज्यू कुटुंबातले, १९४३ मध्ये त्यांना स्वीडनला पळावं लागलं. त्याच वर्षाचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

१९६३ मध्ये अमेरिकेत माणसावर पहिलं फुप्फुस प्रत्यारोपण झालं. पेशंट १८ दिवस जगला. १९६४ मध्ये फुप्फुसांतला रक्तप्रवाह किरणोत्सारी कणांनी पाहण्याच्या तंत्रावर संशोधन प्रसिद्ध झालं. १९६६ मध्ये हेवेशी गेले. एका फुप्फुसाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण टोरांटोत १९८३ मध्ये झालं, ते त्यांनी पाहिलं नाही.

आज पेशंटच्या हाताच्या शिरेत टेक्निशियम लावलेले प्रथिनाचे बारीक कण सोडतात. ते फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात. जिथे रक्त जास्त, तिथे कण जास्त. अडकतात म्हटल्यावर घाबरू नका. फार थोड्या वाहिन्या भरतात, आणि कण काही तासांत विरघळतात. गॅमा कॅमेरा दोन्ही बाजूंचे किरण मोजतो आणि टक्केवारी मिळते. एकच फुप्फुस बदललेलं असेल तर बहुतेक रक्त नव्याकडे जातं, कारण जुन्या आजारी फुप्फुसात रक्ताला वाट अवघड असते. नव्याचा वाटा पुढच्या स्कॅनमध्ये घसरलेला दिसला, की डॉक्टर धमनीचा सांधा अरुंद झालाय का, की शरीर ते फुप्फुस नाकारतंय, याचा तपास सुरू करतात.