लत्तलूरचा राजा अमोघवर्ष

राष्ट्रकूट राजे स्वतःला लत्तलूरपुराचे अधिपती म्हणवीत. हे लत्तलूर म्हणजेच आपले लातूर, असे बहुतेक इतिहासकार मानतात. याच घराण्यातील अमोघवर्ष नृपतुंग इ. स. ८१४ मध्ये लहान वयात गादीवर आला व त्याने सुमारे ६४ वर्षे राज्य केले. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातील आजचे मळखेड. आरंभी सामंतांनी बंड केले, तेव्हा चुलतभाऊ कर्क याने त्याला सावरले. पुढे प्रजेवरील अरिष्ट टळावे म्हणून त्याने डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीला वाहिले, असे इ. स. ८७१ चा संजानचा ताम्रपट सांगतो.

हा राजा कवींचा आश्रयदाता होता. जिनसेनाचार्य त्याचे गुरू. त्याच्याच दरबारात श्रीविजयाने 'कविराजमार्ग' हा कन्नडमधील उपलब्ध सर्वांत जुना ग्रंथ रचला, असे अभ्यासक मानतात. त्यात कन्नड देशाची सीमा कावेरीपासून आपल्या गोदावरीपर्यंत सांगितली आहे. आणि तेथील न शिकलेली माणसेही काव्यात निपुण असतात, असे म्हटले आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आजी आजही अंगठा उठवते. पण जात्यावरच्या कितीतरी ओव्या तिला तोंडपाठ आहेत. सुमारे ११५० वर्षांपूर्वी एका राजदरबारात अशा माणसांची दखल घेतली गेली, म्हणून हा राजा मला आपला वाटतो.