विश्लेषण : वादळाला ऊर्जा मिळते कुठून? माक्स मार्गुलेस यांनी दिलेले उत्तर काय?

वाऱ्यामागे हवेच्या दाबातील फरक असतो, हे आपण शाळेत शिकतो. पण मोठ्या वादळाला लागणारी ऊर्जा एवढ्या फरकातून मिळत नाही, हे ऑस्ट्रियाचे हवामानशास्त्रज्ञ माक्स मार्गुलेस यांनी गणिताने दाखवले.

मार्गुलेस कोण होते?

त्यांचा जन्म १८५६ मध्ये ब्रॉडी येथे झाला. तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात असलेले हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. १८८२ पासून ते व्हिएन्नाच्या मध्यवर्ती हवामान संस्थेत होते. रसायनशास्त्रातही त्यांचे नाव एका समीकरणाला जोडलेले आहे.

त्यांचा सिद्धांत काय?

‘वादळांची ऊर्जा’ हा त्यांचा प्रबंध १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बंद पेटीत मधोमध पडदा आहे, एका बाजूला थंड, दुसऱ्या बाजूला उबदार हवा आहे, अशी कल्पना त्यांनी केली. पडदा काढला, की जड थंड हवा तळाशी घुसते आणि हलकी उबदार हवा वर चढते. पेटीतील हवेचा गुरुत्वमध्य खाली येतो. जेवढी स्थितिज ऊर्जा कमी होते, तिचे आणि हवेतील काही उष्णतेचे रूपांतर गतिज ऊर्जेत, म्हणजे वाऱ्यात होते. हे गणित वादळी वाऱ्यांना पुरेसे ठरले.

सगळी ऊर्जा वापरली जाते का?

नाही. थंड हवा खाली आणि उबदार वर, अशी मांडणी झाली की आणखी ऊर्जा मिळत नाही. १९५५ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांनी ही कल्पना संपूर्ण वातावरणाला लावली. एकूण ऊर्जेचा एक टक्काही वाऱ्यासाठी उपलब्ध नसतो, असे त्यातून दिसले.

हे सर्व वादळांना लागू होते का?

समशीतोष्ण पट्ट्यातील वादळांना प्रामुख्याने लागू होते. अरबी समुद्रातील चक्रीवादळे मात्र मुख्यतः बाष्पाच्या सुप्त उष्णतेवर पोसली जातात.

मार्गुलेस यांचे पुढे काय झाले?

१९०६ मध्ये, पन्नाशीतच, त्यांनी निवृत्ती घेतली. हवामानशास्त्र सोडून ते घरच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्राकडे वळले. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत तुटपुंजे निवृत्तिवेतन पुरेना. सहकाऱ्यांनी देऊ केलेली मदतही त्यांनी नाकारली. १९२० मध्ये व्हिएन्नाजवळ उपासमारीने त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी मांडलेला ऊर्जेचा हिशेब मात्र आजही हवामानशास्त्राच्या पायाशी आहे.