रेडियमची जखम

पोलंडमधील वॉर्सा शहरात ७ नोव्हेंबर १८६७ रोजी एका शिक्षकाच्या घरी मार्या स्क्लोदोव्स्का हिचा जन्म झाला. त्या काळी तेथे रशियाच्या झारचा अंमल होता. विद्यापीठाची दारे मुलींना बंद होती. मार्या दहा वर्षांची असताना तिची आई क्षयाने वारली. पुढे थोरली बहीण ब्रोनिया वैद्यक शिकण्यासाठी पॅरिसला गेली, तेव्हा मार्याने परक्या घरी मुले शिकविण्याची नोकरी धरली व बहिणीला पैसे पाठविले. १८९१ मध्ये तिची स्वतःची पाळी आली. पॅरिसच्या सॉर्बॉन विद्यापीठात थंडीचे व अर्धपोटी राहण्याचे दिवस काढून १८९३ मध्ये ती पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत पहिली आली. १८९५ मध्ये पिएर क्यूरी या शास्त्रज्ञाशी तिचा विवाह झाला. जग तिला मादाम क्यूरी म्हणून ओळखते.

आंरी बेकरेल यांना १८९६ मध्ये युरेनियममधून अदृश्य किरण बाहेर पडत असल्याचे आढळले होते. क्यूरी पतिपत्नींनी त्या किरणांचा पाठपुरावा केला आणि १८९८ मध्ये पोलोनियम व रेडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधली. एका गळक्या छपरात मादाम क्यूरी खनिजाचा चोथा मोठमोठ्या भांड्यांत उकळीत व लोखंडी कांबीने ढवळीत. कित्येक टन चोथ्यातून १९०२ पर्यंत त्यांच्या हाती आला तो एक दशांश ग्रॅम रेडियमचा क्षार! रात्री तो अंधारात निळसर चमके. ते पाहायला दोघेही छपरात जात. त्या सुंदर प्रकाशात काय दडले आहे, हे तेव्हा कोणालाच पुरते ठाऊक नव्हते.

बेकरेल यांनी रेडियमची नळी खिशात बाळगली, तर त्यांची कातडी भाजली. पिएर यांनी मुद्दामच आपल्या हातावर रेडियमयुक्त पदार्थ दहा तास ठेवला. प्रथम त्वचा नुसती लाल झाली. पुढे तेथे जखम झाली. ४२व्या दिवशी कडेने नवी त्वचा धरू लागली, तरी ५२व्या दिवशीही व्रण शिल्लकच होता. स्वतःच्या जखमेची अशी रोजनिशी ठेवणारा माणूस विरळाच! १९०१ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. जे किरण निरोगी त्वचा जाळतात, ते रोगट गाठीही जाळतील, असा विचार करून डॉक्टर रेडियमचा उपयोग करू लागले. क्यूरींनी रेडियम मिळविण्याच्या रीतीवर हक्क राखून ठेवला असता, तर ते धनाढ्य झाले असते. त्यांनी ती रीत सर्वांना खुली केली.

१९०३ मध्ये दोघांना बेकरेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९०६ मध्ये घोडागाडीखाली सापडून पिएर यांचा मृत्यू झाला. मादाम क्यूरींनी काम सोडले नाही. १९११ मध्ये त्यांना दुसरे नोबेल पारितोषिक मिळाले. पॅरिसमध्ये रेडियम संस्थेची इमारत १९१४ मध्ये पुरी झाली. तिच्या एका भागात मादाम क्यूरी किरणांचा अभ्यास करीत, तर दुसऱ्या भागात क्लोद रेगो हे वैद्य त्याच किरणांचा जीवपेशींवरील परिणाम पाहत.

गाठ मारावी तर वरची त्वचाही जळते, हीच मोठी अडचण होती. रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. सारी मात्रा एकदम दिली, की आतील झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मरत, पण त्वचाही होरपळे. तीच मात्रा दिवसांचे अंतर ठेवून थोडीथोडी दिली, तर आतील पेशी मरत आणि त्वचा वाचे. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी याच रीतीने घशाच्या कर्करोगाचे रोगी बरे केल्याचे १९२२ मध्ये दाखविले.

असे का व्हावे? पेशीच्या आत डीएनए नावाचा दुपदरी धागा असतो. किरण तो जागोजागी तोडतात. एक पदर तुटला, तर दुसऱ्याचा नमुना पाहून पेशी तो सांधते. दोन्ही पदर एकाच जागी तुटले, तर सांधणे फार अवघड जाते. निरोगी पेशी विभागणी थांबवून आधी दुरुस्ती करते. कर्करोगाच्या पेशींत ही व्यवस्था पुष्कळदा बिघडलेली असते. त्या घाईने विभागतात आणि तुटक्या धाग्यानिशी मरतात. १९५९ मध्ये अमेरिकेत एलकाइंड व सटन यांनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींवर प्रयोग केला. किरणांची मात्रा काही तासांच्या अंतराने दोनदा विभागून दिली, तर एकदम दिल्यापेक्षा अधिक पेशी जगल्या. मधल्या वेळात त्यांनी आपली मोडतोड सावरली होती. म्हणूनच आजही किरणोपचार पुष्कळदा काही आठवडे, थोडेथोडे करून दिले जातात.

मादाम क्यूरींच्या शरीराला मात्र अशी उसंत फारशी मिळाली नाही. पहिल्या महायुद्धात त्यांनी क्ष-किरणांच्या मोटारी सज्ज केल्या आणि मुलगी इरेन हिच्यासह आघाडीवर जाऊन जखमी सैनिकांच्या अंगातील गोळ्या शोधून दिल्या. या कामात पुरेसे संरक्षण नव्हते. पुढे त्यांच्या डोळ्यांना मोतीबिंदू झाले, बोटे भाजून कडक झाली. अखेर अस्थींतील मगज नवे रक्त करीनासा झाला आणि ४ जुलै १९३४ रोजी त्यांचे निधन झाले.

१९९५ मध्ये त्यांच्या अस्थी पॅरिसच्या पाँथेऑं या राष्ट्रीय स्मारकात हलविण्यात आल्या. शवपेटी तपासली, तेव्हा किरणोत्सर्ग अपेक्षेहून कमी आढळला. त्यावरून त्यांच्या आजाराला रेडियमपेक्षा युद्धातील क्ष-किरणच अधिक कारण झाले असावेत, असा तर्क तज्ज्ञांनी केला. त्यांच्या टिपणवह्या मात्र अजूनही किरण सोडतात; त्या शिशाच्या पेट्यांत ठेवल्या आहेत.