मॅलरी आणि बर्फाची पारख

जॉर्ज मॅलरी म्हटलं की लोकांना एव्हरेस्ट आठवतं. मला ७ जून १९२२ ही तारीख आठवते. १८८६ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला हा शाळामास्तर डोंगरात मुरलेला गडी. त्या दिवशी नॉर्थ कोलच्या चढावर ताजा बर्फ होता. वाटेतल्या एका उभ्या उतारावर त्याने तो पारखला. घसरला नाही, म्हणून सगळे पुढे निघाले. पण ताजा थर खालच्या बर्फाला सगळीकडे सारखाच धरून नसतो. वरचा उतार सुटला आणि सात हमाल गेले. मॅलरीने दोष स्वतःकडे घेतला. तरी १९२४ साली तो परत गेला, अन् ८ जूनला अर्विनसोबत दिसेनासा झाला. शिखर गाठलं की नाही, हा वाद चालूच आहे. मी मात्र त्या सात जणांपाशीच थांबतो. एका जागी टिकलेला बर्फ पुढच्या जागेची हमी देत नाही.