सुकुमार सेन आणि मतदार यादीतील आपले नाव

संविधानाने या देशातील प्रत्येक प्रौढ माणसाला एक मत दिले. पण कागदावरील मत आणि पेटीत पडलेले मत यात फार मोठे अंतर असते. हे अंतर पहिल्यांदा कापण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले, ते भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. आज त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. आंबेडकरी कार्यकर्त्यांनी तरी ते विसरू नये, असे आम्हास वाटते.

सेन बंगालचे. कोलकात्याचे प्रेसिडेन्सी कॉलेज आणि लंडन विद्यापीठ येथे शिकलेले, गणितातील सुवर्णपदकाचे मानकरी. १९२१ साली ते आयसीएसमध्ये दाखल झाले. न्यायाधीश म्हणूनही त्यांनी काम केले आणि पुढे पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. मार्च १९५० मध्ये त्यांच्याकडे निवडणूक आयोगाची धुरा आली. ते आपल्या चळवळीचे नव्हते. पण ज्या खुर्चीवर ते बसले, ती खुर्ची बाबासाहेबांनी घडवलेली होती.

१५ जून १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत एकाच केंद्रीय निवडणूक आयोगाची तरतूद मांडली. आधीचा विचार प्रांतोप्रांती वेगळे आयोग नेमण्याचा होता. पण काही प्रांतांत भाषेने, वंशाने वा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांना मतदार यादीबाहेर ठेवले जात असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. निवडणूक यंत्रणा स्थानिक सत्तेच्या हाती राहिली तर दुबळ्याचे नाव सर्वात आधी गळते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. तीच तरतूद आजचे कलम ३२४.

याद्यांची पूर्वतयारी संविधान सभेच्या सचिवालयाने सुरू केली होती. पंडित नेहरूंना निवडणुका लवकर हव्या होत्या. सेन यांनी मात्र घाई केली नाही. यादी अपुरी असताना घेतलेली निवडणूक ही निवडणूकच नव्हे, हे त्यांना कळत होते. १७ कोटींहून अधिक मतदार, त्यातील शेकडा ८५ निरक्षर. म्हणून प्रत्येक पक्षाला चित्ररूप निशाणी आणि प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. २० लाखांहून अधिक लोखंडी पेट्या आणि सुमारे २ लाख मतदान केंद्रे उभी राहिली. दुबार मतदान होऊ नये म्हणून बोटाला शाई लागली. अक्षर न येणारा माणूसही स्वतःचे मत स्वतः देऊ शकतो, हे सेन यांच्या यंत्रणेने सिद्ध केले. निरक्षरांना मत कशाला, असे विचारणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते?

मतदान २५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाले. बर्फामुळे वाटा बंद होण्याआधी हिमाचलातील चिनी तहसीलमध्ये पहिली मते पडली. ती देणारे डोंगरातले बौद्ध होते, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

सेन यांची एक कठोरताही सांगितली पाहिजे. उत्तर व मध्य भारतातील असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी अशी नोंद केली होती. सेन यांनी अशा नोंदी मानल्या नाहीत. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. स्त्रीला स्वतःचे नाव असलेच पाहिजे, हा आग्रह योग्यच होता. पण त्याची किंमत त्या स्त्रियांनी मोजली. सेन यांचा हिशेब असा की, यावरून ओरड होईल आणि पुढच्या वेळी त्या आपले नाव लावतील.

त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईच्या द्विसदस्यीय मतदारसंघात बाबासाहेब साडेचौदा हजार मतांनी पडले. तेथे ७४,३३३ मतपत्रिका बाद ठरल्या. दोन्ही मते एकाच उमेदवाराला देऊन एक मत वाया घालवण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार बाबासाहेब व अशोक मेहता यांनी केली. ती टिकली नाही. वकील म्हणून आम्ही यातून इतकेच शिकतो की, अधिकारी प्रामाणिक असला तरी नियम सदोष असेल तर मत वाया जाते. द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१ साली कायद्याने संपले. तोवर बाबासाहेब आपल्यातून गेले होते.

१९५३ साली सुदानच्या पहिल्या निवडणुकीसाठी आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद सेन यांच्याकडे आले. १९५७ ची दुसरी सार्वत्रिक निवडणूक त्यांनी जुन्याच पेट्या वापरून, कमी खर्चात पार पाडली. पुढे ते बर्दवान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९६३ साली त्यांचे निधन झाले.

आता आजचे पाहू. २०२५ साली बिहारमध्ये विशेष पुनरीक्षणानंतरच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली. ती नावे कारणांसह जाहीर करा, असे सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्ट रोजी सांगावे लागले. मृत आणि दुबार नावे वगळलीच पाहिजेत, याबद्दल आमचे दुमत नाही. पण नाव का वगळले हे सांगण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागावा? सेन यांनी नावे वगळली तेव्हा कारण उघड होते. आयुक्तांच्या नेमणुकीचेही तसेच. कार्यकारी सत्ता आपल्या मर्जीतला माणूस नेमू शकेल, ही चिंता १९४९ सालीच बाबासाहेबांनी बोलून दाखवली होती. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड समितीत सरन्यायाधीशांना बसवले. डिसेंबरमधील कायद्याने त्यांच्या जागी केंद्रीय मंत्री आला.

सेन यांच्यासारखा माणूस प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये. प्रारूप यादी लागताच ती वस्तीत नेऊन मोठ्याने वाचावी. भाड्याने राहणारा, ऊसतोडीला गेलेला, सासरी आलेली मुलगी, यांची नावे तपासावीत. नाव नसेल तर मुदतीत नमुना ६ भरावा, चुकीची हरकत आली तर सुनावणीला सोबत जावे. मोर्चाला जितकी माणसे जमतात, त्यांच्या दहाव्या हिश्श्याने हे काम केले तरी पुरे.