पदरमोड करून आकाश गाठणारी अमेलिया इअरहार्ट

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे संपादक-भगिनींनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एखादी संत स्त्री किंवा समाजसेविका असावी. मी मात्र एका अमेरिकन वैमानिक बाईचे चरित्र घेऊन आले आहे. याचे कारण घरचेच आहे, ते आधी सांगते.

माझी पुतणी विमान चालवायला शिकते. पुढे विमान कंपनीत वैमानिक व्हावे अशी तिची उमेद आहे. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्या देशात २०० तासांचे उड्डाण लागते. एका इंजिनाच्या लहान विमानावरचे तिचे तास बहुतेक पुरे झाले. दोन इंजिनांच्या विमानावरचे राहिले आणि नेमके तेव्हाच पैसे सरले. जाऊबाईंचे दागिने अगोदरच गेले होते. राहता राहिले होते घर. ते गहाण टाकावे की नाही यावर घरात खल सुरू झाला, आणि मी, मंडळाची इतक्या वर्षांची खजिनदार, स्पष्टपणे नको म्हणाले. दोनशे तासांपैकी थोडेसेच तर राहिले आहेत, मग त्या थोड्यांसाठी एवढा आटापिटा कशाला, असे माझे मत होते. पुतणी वाद घालत बसली नाही. जाताना अमेलिया इअरहार्टच्या चरित्राचे एक पुस्तक तेवढे माझ्या टेबलावर ठेवून गेली.

दोन इंजिनांचे एवढे काय, असे आपल्यापैकी पुष्कळजणींना वाटेल. २०२५ साली आपल्या होटगी रस्त्याच्या विमानतळावरून गोव्याला विमान सुरू झाले. त्या विमानाला दोन्ही पंखांवर एकेक इंजिन आहे. उतारूंची ने-आण करणाऱ्या कंपन्यांची विमाने बहुतेक अशीच असतात. बैलगाडीचा एक बैल चालता चालता बसला तर गाडी त्याच बाजूला वळते. तसेच एक इंजिन बंद पडले की विमान त्या बाजूला ओढले जाते. त्या क्षणी कोणता पाय दाबायचा आणि कोणते इंजिन आवरायचे, हे एका इंजिनाच्या विमानात कितीही तास घालवले तरी कळत नाही. ते दोन इंजिनांच्या विमानातच शिकावे लागते, आणि त्याचा तास एका इंजिनाच्या तासापेक्षा कितीतरी महाग पडतो. हे मला अमेलियाच्या चरित्रातून नीट उमगले.

अमेलियाचा जन्म २४ जुलै १८९७ रोजी अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या अ‍ॅचिसन गावी झाला. आजोबा न्यायाधीश, आजोळ सुखवस्तू. वडील एडविन रेल्वेकडे वकिली करीत, पण दारूच्या पायी त्यांची नोकरी गेली आणि संसाराला उतरती कळा लागली. घरे बदलली, गावे बदलली, शाळा बदलल्या. पहिल्या महायुद्धात कॅनडातल्या टोरांटो येथे जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत असताना तिला विमाने जवळून पाहायला मिळाली.

१९२० सालच्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात एका मैदानावर वडिलांनी १० डॉलर भरून तिला विमानात बसवले. फेरी अवघी दहा मिनिटांची होती. जमीन काही शे फूट खाली जाताच आपण हे शिकायचेच, असा तिने निश्चय केला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२१ मध्ये, नेटा स्नूक नावाच्या वैमानिक बाईकडे तिची शिकवणी सुरू झाली. हवेतल्या प्रत्येक मिनिटाला एक डॉलर, असा दर होता. मिनिटाला पैसे मोजायचे, ही कल्पनाच माझ्यासारखीला दचकवणारी!

हे पैसे तिने कोठून आणले? टेलिफोन कंपनीत लघुलेखिकेचे काम केले, छायाचित्रे काढली, मालमोटार हाकली. गाठीला १००० डॉलर जमवले. मैदान गावापासून दूर होते. बस जिथवर जाई तिथवर बसने आणि पुढचे काही मैल पायी, असा तिचा क्रम होता. नवे चामडी जाकीट नवखेपणा दाखवते म्हणून ते अंगात घालून ती रात्री झोपली, म्हणजे चुरगळून जुने दिसावे. तिने एक जुने पिवळे विमान घेतले, त्याला आईने हातभार लावला. १९२२ साली त्याच विमानातून ती १४,००० फुटांवर गेली. तोवर कोणतीही स्त्री इतक्या उंचीवर गेली नव्हती. १९२३ साली तिला परवाना मिळाला.

एवढे सारे झाल्यावर एखादीला वाटेल, की आता मार्ग मोकळा झाला. पण १९२४ साली पैशाची ओढाताण, स्वतःचे आजारपण आणि आईवडिलांचा काडीमोड हे सारे एकदमच अंगावर आले. विमान विकावे लागले. त्या पैशांत एक मोटार घेऊन, आईला शेजारी बसवून, तिने साऱ्या देशाचा पल्ला ओलांडला आणि बॉस्टन गाठले. तिथे परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांच्या मुलांना इंग्रजी शिकवण्याची, त्यांची देखभाल करण्याची नोकरी तिने पत्करली. सुटीच्या दिवशी जमेल तसे उडायचे आणि उरल्या आठवड्यात पगाराची वाट पाहायची. तास असे थेंबे थेंबे साठत होते. १९२७ च्या सुमारास ते पाचशेच्या घरात गेले होते.

आता माझ्या मनात रुतून बसलेला प्रसंग. १९२८ साली अटलांटिक महासागर विमानाने ओलांडणारी पहिली स्त्री म्हणून तिची निवड झाली. विमान तीन इंजिनांचे होते. तिच्या गाठी पाचशे तास होते खरे, पण ते एका इंजिनावरचे! अनेक इंजिनांचे विमान चालवण्याचा आणि ढगांतून केवळ यंत्रांच्या काट्यांवर विसंबून जाण्याचा सराव तिला नव्हता. म्हणून १७ जूनला न्यूफाउंडलंडहून विमान निघाले ते विल्मर स्टुल्ट्झच्या हाती. २० तास ४० मिनिटांनी वेल्समध्ये उतरेपर्यंत अमेलियाने सुकाणूला हात लावला नाही. स्टुल्ट्झला २०,००० डॉलर मिळाले, यांत्रिक लुई गॉर्डनला ५,००० मिळाले आणि तिला एक पैही मिळाली नाही. जगाने हार घातले ते मात्र तिला. आपण त्या विमानात केवळ सामान होतो, हे तिने कोणाची भीडभाड न ठेवता सांगितले.

भगिनींनो, इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. पाचशे तास असून नेमके हवे ते तास नव्हते, म्हणून ती वैमानिक असून उतारू ठरली. आणि मी पुतणीला म्हणत होते, की थोडेच तर राहिले आहेत!

अमेलिया त्या हारतुऱ्यांनी हुरळली नाही. व्याख्याने दिली, लेख लिहिले, पुस्तके लिहिली आणि मिळालेला पैसा पुन्हा उड्डाणांत घातला. १९२९ साली तिने वाहतूक-वैमानिकाचा परवाना मिळवला. तिच्या आधी अमेरिकेत केवळ तीन स्त्रियांना तो मिळाला होता. विमान कंपन्यांनीही तिला बोलावले, पण कुठे? कचेरीत! एका कंपनीत स्त्रियांना विमान प्रवासाची गोडी लावण्याचे काम तिला मिळाले. न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन विमाने चालवणाऱ्या दुसऱ्या कंपनीत ती उपाध्यक्ष झाली. उतारू घेऊन जाणाऱ्या विमानाच्या सारथ्याची खुर्ची मात्र तिला कोणी देऊ केली नाही.

म्हणून तिने आपले कर्तृत्व एकटीने सिद्ध केले. १९३२ च्या मे महिन्यात, २० आणि २१ तारखांना, तिने एकटीने अटलांटिक ओलांडला. वाटेत पंखांवर बर्फ साचले, इंजिनाच्या धुराड्याची नळी फुटून ज्वाळा दिसू लागल्या. तरी सुमारे पंधरा तासांनी आयर्लंडमधल्या एका कुरणात ती सुखरूप उतरली. असे करणारी ती पहिली स्त्री होती.

दोन इंजिनांचे स्वतःचे विमान तिला लाभायला १९३६ साल उजाडले. पर्ड्यू विद्यापीठात ती विद्यार्थिनींची सल्लागार होती. त्या विद्यापीठाच्या निधीतून लॉकहीड इलेक्ट्रा जातीचे विमान तिच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवशी तिच्या हाती आले. विमान कंपन्या हेच विमान दहा उतारू घेऊन चालवीत. पॉल मँट्झ या वैमानिकाने तिला त्याचा सराव दिला. तरीही मार्च १९३७ मध्ये होनोलुलूला उडताना विमान एका अंगाला वळले आणि मोडले. कोणी म्हणाले टायर फुटला, कोणी म्हणाले दोन इंजिनांचा जोर सारखा राखता आला नाही. दुरुस्तीसाठी पुन्हा पैसा उभा करावा लागला.

१ जूनला मायामीहून फ्रेड नूनन या दिग्दर्शकाला बरोबर घेऊन ती पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. जूनच्या मध्यास कराचीला उतरली. तिथून भारत ओलांडून १७ जूनला कलकत्त्याला गेली. २ जुलैला न्यू गिनीमधल्या ले गावाहून हाउलंड नावाच्या चिमुकल्या बेटाकडे तिने झेप घेतली. पस्तीस हजार किलोमीटर मागे पडले होते. ते बेट तिला सापडले नाही आणि तीही पुन्हा कोणाला सापडली नाही. जानेवारी १९३९ मध्ये तिला कायद्याने मृत ठरवण्यात आले.

चरित्र इथे संपते, पण मला त्यातला एक धागा मुद्दाम हाती घ्यायचा आहे. २ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळ २६ वैमानिक स्त्रिया एकत्र जमल्या आणि त्यांनी आपल्यासारखेच एक मंडळ काढले. ९९ जणी सभासद झाल्या, म्हणून मंडळाचे नाव नाइन्टी-नाइन्स. अमेलिया त्याची पहिली अध्यक्षा झाली. तिच्या मागे या मंडळाने तिच्या नावाने निधी उभारला, आणि १९४१ पासून त्यातून शिष्यवृत्त्या दिल्या. कशासाठी? तर पुढच्या परवान्यांच्या शिक्षणासाठी, त्यात अनेक इंजिनांच्या विमानाचे शिक्षणही आले. अमेलियाला जे तास वेळेवर मिळाले नाहीत, ते दुसऱ्या मुलींना मिळावे, याहून तिचे चांगले स्मारक कोणते?

नुसत्या तासांनीही सारे होत नाही, हे मान्य करायला हवे. हेलन रिची ही अमेरिकन बाई १९३४ अखेर एका कंपनीत तीन इंजिनांचे विमान चालवू लागली, पण वैमानिकांच्या संघाने तिला आत घेतले नाही आणि १९३५ साली तिने नोकरी सोडली. अमेलियाने तिची बाजू जाहीरपणे मांडली होती. आपल्याकडे प्रेम माथुर यांनी १९४७ साली व्यावसायिक परवाना मिळवला. कंपन्यांचे नकार पचवून त्या हैदराबादच्या डेक्कन एअरवेजमध्ये दोन इंजिनांच्या विमानांवर सहवैमानिक झाल्या. १९८५ साली सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली केवळ स्त्रियांनी दोन इंजिनांचे फोकर विमान उतारूंसह चालवले. दार बंद असेल तर ठोठावता येते. पण ठोठावण्याआधी दारापर्यंत पोचावे लागते, आणि त्या वाटेला पैसा लागतो.

आता घरचे सांगून संपवते. घर गहाण टाकले नाही. पुतणीच्या लग्नासाठी म्हणून मी बँकेत एक ठेव ठेवली होती, ती मोडली आणि तिच्या तासांचे पैसे भरले. लग्नाचे लग्नाच्या वेळी पाहू.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. दिवाळीच्या विक्रीत आपल्या शेंगाचटणीवर आणि पापडांवर जो नफा उरतो, त्यातला काही भाग दरसाल वेगळा काढावा आणि आपल्या वस्तीतल्या ज्या मुलीचे शिक्षण शेवटच्या टप्प्यावर पैशावाचून अडले असेल तिला द्यावा. मग ते शिक्षण विमानाचे असो, परिचारिकेचे असो की आणखी कशाचे असो. माझ्या घरच्या मुलीला त्यातला एक रुपयाही नको, हे मी खजिनदार या नात्याने आधीच लिहून देते. पुढच्या मासिक बैठकीत यावर विचार व्हावा, एवढीच विनंती.